लग्नाच्या कॅसेटची उरलेली फीत

डहाणू रोड
१२ जून १९९४

चि. विपुल,

आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते आहे, मनातून तुझे कान उपटायचे आहेत. डिसेंबरात गेलास तेव्हापासून आम्हाला एक ओळ लिहायला तुला फुरसत झाली नाही. चारोटी नाक्यावरच्या कॅसेटवाल्याला मात्र तुझी पत्रं येतात. अंधेरीचा हा पत्ता मला त्याच्याकडूनच मिळाला. देताना तो हसला. सख्ख्या बहिणीला पत्ता ठाऊक नाही, याचं हसू आलं असेल बिचाऱ्याला.

बाबांचं बरं आहे. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. रिटायर झाले तरी गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत, आणि एखादी गाडी उशिरा आली की घरातल्या घरात येरझाऱ्या घालतात. तुझं नाव काढत नाहीत. तुझ्या खोलीतल्या वायरींचं भेंडोळं मी उचलायला गेले तर म्हणाले, असू दे तिथंच.

आता मूळ गोष्ट. नीट बसून वाच.

सरावलीच्या मनिषच्या लग्नाचं शूटिंग तू केलंस. बाबांच्या रेल्वेतल्या सोबत्याचा मुलगा, म्हणून काम आपणहून चालत आलं होतं. वापीहून भाड्यानं आणलेला कॅमेरा तू एक दिवस जास्त ठेवून घेतलास आणि दुसऱ्या दिवशी तलासरीकडे, आपल्या पत्रावळीवाल्या शुक्रीमावशीच्या पाड्यामागच्या टेकडीवर जाऊन तुझं ते भुताचं पिक्चर काढलंस. एवढं मला ठाऊक होतं. मी तेव्हा शाळेत शिकवायला गेले होते, नाहीतर मलाही केस सोडून दगडावर बसवलं असतंस.

ठाऊक नव्हतं ते हे, की लग्न भरून झाल्यावर कॅसेटच्या शेवटी जी कोरी फीत उरते, तिच्यावर तू ते पिक्चर उतरवून ठेवलं होतंस. फीत वाया घालवायची नाही ही तुमच्या धंद्यातली रीतच आहे. पण लग्नाच्या दोन कॅसेटी केल्यास, एक त्यांची आणि एक तुझी, आणि जायच्या घाईत तुझी त्यांना देऊन मोकळा झालास.

इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. पाठवणी झाली की लोक कॅसेट बंद करतात. मे महिन्यात नीलमला, म्हणजे मनिषच्या बायकोला, दिवस गेले होते ते राहिले नाहीत. चार बायका भेटायला आल्या. पोरीचं मन रमावं म्हणून सासूबाईंनी लग्नाची कॅसेट लावली. पाठवणी संपली, सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि बंद करायला कुणी उठलंच नाही.

मग तुझं पिक्चर सुरू झालं. गणपती नाही, नावं नाहीत, गाणं नाही. कोपऱ्यात तारीख, लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची. कुणीतरी धापा टाकत टेकडी चढतो आहे, "गौरव, गौरव" अशा कुणा हरवलेल्याला हाका मारतो आहे, आणि तो स्वतः कुठंच दिसत नाही. दगडावर एक बाई केस सोडून, तोंडाला राख फासून बसलेली. ती वर बघते. कॅमेरा मागं सरतो, पडतो, गवतात आडवा होतो. आणि ती बाई दोन्ही हात पुढे करून, तोंड उघडून, धावत येते. अंधार. पुढं काही नाही.

तीच बाई त्याच कॅसेटमध्ये मघाशी मांडवात दिसून गेलेली. शुक्रीमावशी पत्रावळ्यांचा भारा घेऊन आली होती. तुझ्या लाइटचा झोत पडल्यावर बाकीच्या बायकांनी पदर सावरले, ती एकटी टक लावून बघत राहिली. ती तुझ्याकडे बघत होती रे, ओळखीचं पोर दिसलं म्हणून. पण तू त्यात कुठं आहेस? जो कॅसेट बघतो त्याला वाटतं, ही माझ्याकडेच बघते आहे. सासूबाईंना वाटलं ती नीलमकडे बघते आहे. त्यांनी ती नजर आणि नीलमचं गेलेलं मूल एकमेकांना जोडलं आणि मावशीला भुताळी ठरवून मोकळ्या झाल्या.

मी जाऊन सांगून आले की हे माझ्या भावाचं नाटक आहे. तर म्हणाल्या, "बहीण भावाचीच बाजू घेणार. मग तो कुठाय तुझा भाऊ?"

त्या पिक्चरच्या दिवशी तू लंगडत घरी आलास हे अर्ध्या आळीनं पाहिलं होतं. आम्हाला म्हणालास, स्टेशनच्या जिन्यावरून पडलो. मग पिक्चरच्या नादावरून बाबांशी तुझं ते भांडण, आणि दोन दिवसांत तू गायब. सरावलीत आता सगळे म्हणतात, ज्यानं ते काढलं त्याला तिनं खाल्लं, फक्त कॅसेट तेवढी मागं राहिली.

तेव्हा कृपा कर. न कापलेली मूळ कॅसेट तुझ्याकडे असेल, ती घेऊन ये. कॅसेट नसेल तर नुसता ये आणि सरावलीच्या नाक्यावर चहा पिऊन दाखव.

तुझी,
वसुताई


डहाणू रोड
३ जुलै १९९४

चि. विपुल,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे तुझं, बाकी काही सुधारलेलं नाही.

तू लिहितोस, लोकांना खरं वाटलं यातच सगळं आलं. तुझ्या त्या प्रोड्यूसरलाही म्हणे हेच आवडलं आहे, आणि त्यानं बजावलं आहे की काढणाऱ्याचं तोंड कुणाला दिसता कामा नये, तरच याची मजा. आणि मूळ कॅसेटवर तू नंतर कुणाची तरी मुंज उतरवलीस, त्यामुळे ती गेली. हे शेवटचं मला पटलेलं नाही. शाळेत असताना फुटलेली पट्टीसुद्धा टाकून न देणारा मुलगा तू.

जायच्या आधी ओट्यावर बसून तू मला या पिक्चरबद्दल सांगत होतास ते आठवतं. मी भाजी निवडत होते, अर्धवट ऐकत होते, पण राहिलंय लक्षात. म्हणालास, बाकीच्या पिक्चरमध्ये कॅमेरा देवासारखा असतो, सगळीकडे असतो, त्याला सगळं दिसतं आणि तो कुणालाच दिसत नाही. माझ्यात कॅमेरा हा एक माणूस आहे. त्याला दम लागतो, तो घाबरतो, पडतो. त्याला जे दिसत नाही ते तुलाही दिसणार नाही, आणि खरी भीती तिथंच असते, चौकटीच्या बाहेर. मी विचारलं, एवढी भीती वाटते तर तो मेला कॅमेरा टाकून पळत का नाही? तू हसलास. म्हणालास, ताई, कॅमेऱ्यातून बघितलं ना, की समोरचं काचेपलीकडचं वाटतं, आपल्याला काही होणार नाही असं वाटतं. म्हणून तो टाकत नाही.

तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आज तुझं पत्र वाचून वाटलं, हा मुलगा अजून डोळ्याला कॅमेरा लावूनच बसला आहे.

तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगते. मनिषकडून कॅसेट आणून मी घरी पाहिली. दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून, सगळं खोटं आहे हे ठाऊक असताना. ती धावत येते तिथं मी टीव्हीपासून मागं सरकले. दोन दिवसांनी दुपारी दार वाजलं. जाळीतून पाहिलं तर शुक्रीमावशी, डोक्यावर पत्रावळ्या. आपल्याला कळायला लागल्यापासून ती या दारात येते. तिच्या टोपलीतल्या करवंदांसाठी तू शाळा बुडवायचास. आणि माझा हात कडीवर नुसता राहिला रे. उघडायला मला वेळ लागला, आणि तो तिला कळला.

आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "बाय, माझ्या डोल्यात काय हाय? तू शिकलेली हायस. बघ तरी."

मी बघितलं. उन्हानं लाल झालेले, थकलेले डोळे होते. ती सकाळपासून आपल्या आळीत फिरत होती आणि कुणी एक पत्रावळ घेतली नव्हती. मी सगळ्या घेतल्या. कपाटावर रचून ठेवल्या आहेत, त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

ती विचारत होती, पोर कुठं हाय. मी म्हटलं मुंबईला. बराय ना, म्हणाली. बरा आहे म्हटलं. तुझ्याबद्दल वाईट शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. माझ्या तोंडून बरेच निघाले, पण ती गेल्यावर.

कॅसेट पाठव, विपुल. ती पुसलेली नाहीस तू.

वसुताई


तलासरी
२८ जुलै १९९४

विपुल,

शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे. तीन आठवडे तुझं उत्तर नाही.

चारोटीच्या कॅसेटवाल्यानं सरावलीची कॅसेट कुणाकडून तरी मिळवली आणि लग्न वगळून नुसतं तुझं पिक्चर उतरवून घेतलं. वर चिठ्ठी चिकटवली आहे, 'खरी घटना, तलासरी'. नाक्यावरच्या एका हॉटेलात ट्रक थांबतात तिथं ती लावतात. माणसं भजी खात बघतात आणि पुढं गुजरातेत निघून जातात. त्यांचं काय जातं? ज्यांना इथंच राहायचं आहे त्यांचं बोलू.

शुक्रीमावशीच्या पाड्यातल्या लोकांनी पहिल्यांदा हे हसण्यावारी नेलं होतं. त्यांनी तुला टेकडीवर कॅमेरा घेऊन जाताना पाहिलेलं आहे, पोरं तुझ्या मागं मागं आली होती आणि तू त्यांना हाकललं होतंस, आवाज नको म्हणून. ती पोरं वर असती तर आज साक्षीला उभी राहिली असती. आसपासच्या गावांतून मात्र लोक येऊन विचारायला लागले, ती टीव्हीतली बाई कुठली. आल्यागेल्यानं तेच तेच विचारलं की घरच्याच माणसाच्या मनात कालवाकालव सुरू होते. तिची लेक ठकी पलीकडच्या गावात दिली आहे. जावई, सुकऱ्या, वाईट माणूस नाही. पण त्याच्या लहान मुलाला ताप आला, आणि त्यानं ठकीला सांगितलं की बरा होईपर्यंत आईकडे जायचं नाही. मूल बरं झालं. बंदी उठली नाही.

सोमवारी सकाळी मावशी विहिरीवर गेली होती. कुठल्या तरी गावची अनोळखी माणसं टेम्पोतून आली, तिला बघायला. एकानं विचारलं, तूच का ती. दगड कुणी मारला ते कुणाला सांगता येत नाही. कपाळ फुटलं आहे. पाड्यातले लोक धावून आले म्हणून तेवढ्यावर भागलं, टेम्पो निघून गेला.

मी दवाखान्यात जाऊन आले. टाके घातले आहेत. पट्टीखाली एक डोळा सुजून बंद झाला आहे. मी पोलिसांत चल म्हटलं तर म्हणाली, कुणाचं नाव सांगू.

तिला राहायला आमच्याकडे चल म्हटलं. नको म्हणाली. आपल्या दारातला माझा थांबलेला हात तिला आठवत असणार.

तुझ्या पिक्चरात ज्याला भीती वाटते तो माणूस तू होतास. ती भीती सात महिन्यांपूर्वीची, खोटी. खरी भीती कुणाच्या वाट्याला आली ते तुझ्या कॅमेऱ्याला दिसलेलं नाही, म्हणून मी दाखवते आहे. यापेक्षा वेगळं काही मला लिहायचं नाही.

वसुमती

ता. क. पत्र बंद करायला घरी आणलं होतं. बाबांनी मागून घेऊन वाचलं. खाली त्यांना काही लिहायचं आहे म्हणतात.

विपुल, शुक्रीनं तुझी आई आजारी असताना तुला सांभाळलं आहे. कॅसेट असेल तर पाठव. नसेल तर स्वतः ये. मी जे बोललो ते बोललो, त्याचा या गोष्टीशी संबंध लावू नकोस. — काशीनाथ


डहाणू रोड
१६ ऑगस्ट १९९४

चि. विपुल,

पार्सल मिळालं. गार्डच्या डब्यातून पाठवलंस ते बरं केलंस. बाबा स्वतः प्लॅटफॉर्मवर जाऊन थांबले होते, गाडीच्या कितीतरी आधीपासून.

वर नुसतं 'मूळ' लिहिलं आहेस, आत चिठ्ठी नाही. म्हणजे मुंज नव्हती. मला ठाऊक होतं.

आम्ही अजून लावलेली नाही. बाबा म्हणाले, आधी आपण बघायची नाही. सरावलीला सगळ्यांसमोर पहिल्यांदा लावायची, नाहीतर म्हणतील यांनी घरी बसून काहीतरी केलं. मला त्यांचं पटलं. रविवारी सकाळी जाणार आहोत. आत काय आहे ते देव जाणे आणि तू. मावशीला गोत्यात आणणारं काही त्यात असेल तर आत्ताच कळव.

वसुताई


डहाणू रोड
२२ ऑगस्ट १९९४

चि. विपुल,

काल झालेलं सगळं जसं झालं तसं लिहिते आहे. तू तिथं नव्हतास, आणि असायला हवा होतास.

मी पहाटेच्या एसटीनं तलासरीला जाऊन ठकी, सुकऱ्या आणि मावशीला घेऊन आले. चारोटीला गाडी बदलताना मावशीनं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. आशागडच्या पुढं एक पोरगं तिच्याकडे बघून आईच्या कुशीत शिरलं. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली.

सरावलीच्या घरात आधीच माणसं जमली होती. बाबा कॅसेट कापडी पिशवीतून घेऊन आले होते, जसा डबा न्यायचे तसे. सासूबाई म्हणाल्या, तिला आत आणू नका. मावशी म्हणाली, मी ओटीवरच बसते. दार उघडं ठेवलं. तिथून टीव्हीची एक कड तिला दिसत असेल.

मनिषनं कॅसेट लावली.

सुरुवातीला नुसती टेकडी, मग तुझा आवाज. "मावशी, हसू नका हां आता." आणि मावशी दगडावर, राख फासलेली, तोंडावर पदर घेऊन हसते आहे. हसू आवरून डोळे मोठे करते, आणि परत हसते. खोलीत कुणीतरी मागं खुदकन हसलं. ठकी तर रडायलाच लागली, हसणारी आई तिनं बऱ्याच दिवसांनी पाहिली असणार. मावशी तुला विचारते, "आथा बघू का?" तू म्हणतोस, बघा, माझ्याकडे बघा. ती बघते. तेच डोळे, ज्यांची आठ गावांत चर्चा आहे. पाठोपाठ विचारते, "भाकर खाल्ली का तू?" हे तू कापलंस.

मग तो भाग आला. कॅमेरा मागं मागं सरकायला लागला. सासूबाईंनी मान फिरवली. चित्र एकदम आभाळात गेलं, मग गवतात आडवं झालं. तुझ्या पिक्चरमध्ये इथं वाऱ्याचा आवाज आहे, वापीला मिक्सिंगमध्ये टाकलेला. लग्नात गाणी टाकून खरे आवाज पुसता तसा. इथं वारा नव्हता. इथं तू ओरडलास, "आई गं." खरं ओरडलास. बाबा माझ्या शेजारी खुर्चीत पुढं सरकले.

आणि ती उठली. दोन्ही हात पुढे करून, तोंड उघडून, केस उडत असलेली, ती धावत आली. सगळ्यांनी हे आधी पाहिलेलं होतं. फक्त या वेळी आवाज होता. ती ओरडत होती, "पडला गं माझा पोर. पडला गं."

तुझ्या पिक्चरमध्ये इथं अंधार होतो. इथं झाला नाही. कॅमेरा गवतात पडून तसाच चालू होता, कुणाच्याही हातात नसलेला. तिचे पाय आले, मग ती खाली बसली आणि सगळ्या चौकटीत तिचं लुगडं भरलं. तू काय म्हणालास ते तुला आठवतं का? "मावशी, कॅमेरा. कॅमेरा बघा आधी, भाड्याचा आहे."

आणि ती म्हणाली, "जलला तुझा कॅमेरा. पाय दाखव."

मग कापड फाटल्याचा आवाज. तिनं स्वतःचा पदर फाडला होता. कोपऱ्यात तुझा गुडघा दिसतो, रक्तानं माखलेला, आणि तिचे हात बांधताहेत. सगळ्या कॅसेटीत तू तेवढाच दिसतोस. तू कण्हतोस, ती तुला रागावते आहे, मागं मागं चालतात का कोण, डोळे काय पाठीला हायत. आणि मध्येच चित्र बंद. बॅटरी संपली असेल.

बाबांनी मनिषला सांगितलं, जरा मागं घे. मनिषनं मागं घेतली. तू परत "आई गं" म्हणालास. बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. आणखी एकदा घे असं ते म्हणतील असं मला वाटलं, पण म्हणाले नाहीत. विपुल, तुझ्या जाण्यानं त्यांचं काय झालं आहे ते मी आजवर लपवून ठेवलं होतं, त्यांनीच तशी शपथ घातली होती. आता लपवत नाही.

ज्या चित्राला एवढी माणसं भ्याली, ते चित्र एक बाई पडलेल्या पोराला उचलायला धावते आहे त्याचं होतं. तू काही खोटं दाखवलं नाहीस. फक्त क्षणभर आधी कापलंस.

सासूबाई बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मला म्हणाल्या, "मग हे आधी का नाही दाखवलं कुणी?" विचारलं मला, पण प्रश्न तुझा आहे. तुझ्याकडे पाठवते आहे.

नीलम आतून उठून ओटीवर गेली. इतके दिवस ती पोरगी कुणाशी बोलत नव्हती. मावशीच्या शेजारी जाऊन बसली, तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघत राहिली, आणि म्हणाली, दुखतं का अजून? मावशी म्हणाली, तुझ्यावानी नाय. मग दोघी रडल्या. आम्ही आतच थांबलो.

सुकऱ्यानं परत जाताना मुलाला आजीकडे चार दिवस ठेवायचं कबूल केलं. मान खाली घालून, पण केलं. ठकी म्हणते, येईल हळूहळू ताळ्यावर.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नकोस. सरावलीत वीस-पंचवीस माणसांनी हे पाहिलं. चारोटीच्या हॉटेलातून ती दुसरी कॅसेट किती जणांनी पाहिली, कुठे कुठे गेली, कुणी मोजलं आहे? कॅसेटवाला म्हणाला, माझ्याकडची पुसतो, पण लोकांनी उतरवून नेल्या त्याला मी काय करू. मूळ कॅसेट लावायला तो तयार नाही. म्हणतो, यात बघण्यासारखं काय आहे, म्हातारी पट्टी बांधते.

परत जाताना मी मावशीला चारोटीपर्यंत सोडायला गेले. एसटीची वाट बघत बसलो होतो. पदर या वेळी खांद्यावर होता. म्हणाली, "टीव्हीत पोराचा पाय दिसला. पण बरा झाला का नाय ते नाय दिसला. तिथंच बंद पडला." मी म्हटलं, झाला असेल ग मावशी, आठ महिने झाले. ती म्हणाली, तू बघितलास का? मी म्हटलं, नाही. मग तुना काय ठावं, म्हणाली.

खरंच, मला काय ठाऊक. तुझा तो प्रोड्यूसर म्हणतो काढणाऱ्यानं दिसायचं नाही. त्याचं तो बघून घेईल. मी तिला सांगितलं की पोराला बोलावते. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही, बघितल्याशिवाय ती मानायची नाही. बाबांनी तुझ्या खोलीतलं वायरींचं भेंडोळं आज सकाळी उलगडून, पुसून ठेवलं आहे.

तेव्हा ये. कॅमेरा आणलास तरी चालेल. पण आधी पाड्यावर जाऊन तिच्यापुढं बस आणि पाय दाखव.

तुझी,
वसुताई